वांझ कालवडीचे कोडे आणि डॉ. जॉन हंटर

मांडीतून मुख्य रोहिणी ज्या वाटेने खाली उतरते, तिला वैद्यकात ‘हंटर कॅनॉल’ म्हणतात. पहिल्या वर्षाला आम्ही ते नाव पाठ केले. हेच हंटर एकदा गोठ्यातल्या कोड्यामागे लागले होते, हे मला फार उशिरा कळले.

जॉन हंटर यांचा जन्म १७२८ मध्ये स्कॉटलंडमधला. दहा भावंडांत ते शेंडेफळ. शाळेत रमले नाहीत. १७४८ मध्ये लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्या शरीररचना शाळेत मदतीला गेले आणि शवविच्छेदनात तयार झाले. त्या काळी शवे कबरी उकरणाऱ्यांकडून येत, हा त्या विद्येवरचा डाग आहेच. पुढे ते लष्करात सर्जन झाले, १७६८ मध्ये सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये आणि १७७६ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांचे सर्जन झाले. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर त्यांचेच शिष्य.

इंग्लंडमधल्या पशुपालकांना एक गोष्ट ठाऊक होती. गाईला गोऱ्हा आणि कालवड अशी जुळी झाली, तर कालवड बहुधा गाभण राहत नाही. तिला ते ‘फ्रीमार्टिन’ म्हणत. हंटर यांनी ही गोष्ट अडाण्यांची समजूत म्हणून सोडून दिली नाही. अशा जनावरांचे विच्छेदन करून १७७९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीला वर्णन दिले: बाहेरून गाय, पण आतली जननेंद्रिये अपुरी आणि काहीशी नरासारखी. कारण मात्र त्यांना सापडले नाही. १७९३ मध्ये हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी सुरू असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

उत्तराला विसावे शतक उजाडावे लागले. गर्भात दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि नराकडून आलेले स्राव कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतात, असे फ्रँक लिली यांनी १९१७ च्या सुमारास मांडले. १९४५ मध्ये रे ओवेन यांना दिसले, की अशा जुळ्यांच्या रक्तात एकमेकांच्या पेशी मोठेपणीही टिकतात. म्हणजे एकाच शरीरात दोन जनुकीय वारसे, आणि तरी भांडण नाही! पुढे पीटर मेडावर यांनी अशा जुळ्या वासरांत त्वचारोपण करून पाहिले. परक्या पेशी शरीर कसे सहन करते, या शोधाला १९६० चे नोबेल मिळाले. आजच्या अवयवरोपणाचे शास्त्र या पायावर उभे आहे.

आपल्याकडेही गाईला अशी जुळी झाली, तर कालवड वाढवण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी. अशा दहापैकी नऊ कालवडी वांझ निघतात. आणि ज्यांच्या घरी मुलगा-मुलगी अशी जुळी आहेत, त्यांनी घाबरू नये. माणसात हा प्रकार सहसा घडत नाही. मुलीच्या मातृत्वाविषयी त्यावरून शंका घेऊ नये.