परफ्युमच्या बाटलीवरचा डेव्हिडॉफ आयुष्यभर लाकडी पेटीतला ओलावा सांभाळत बसला होता

मॉलमधल्या परफ्युम काउंटरवर निळ्या बाटलीतलं ‘कूल वॉटर’ तुम्ही पाहिलंच असेल. निम्म्या कॉलेजने ते, किंवा त्याची डुप्लिकेट, कधी ना कधी अंगावर मारलेली असते. त्या बाटलीवर ज्याचं आडनाव आहे तो माणूस परफ्युमवाला नव्हताच. तो होता सिगारवाला. झिनो डेव्हिडॉफ.

त्याची गोष्ट कळायची तर आधी खांदेश्वरला यावं लागेल. जुलैमध्ये इथल्या कुठल्याही घरात कपाटाचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, हिवाळ्यात तेच पाणी सोडून आक्रसतं. आपण याला वैतागतो. झिनोने याच गोष्टीवर धंदा उभा केला.

झिनोचा जन्म ११ मार्च १९०६ चा, आजच्या युक्रेनमधला. घर ज्यू, धंदा तंबाखूचा. झारच्या राज्यात ज्यूंवर हल्ले होत होते, तेव्हा कुटुंब देश सोडून १९११ मध्ये जिनिव्हाला आलं. वडिलांनी तिथे छोटं दुकान टाकलं. रशियातून पळून आलेले क्रांतिकारक दुकानात येऊन बसायचे. लेनिनही यायचा आणि उधारी ठेवून गेला, असं झिनो पुढे रंगवून सांगायचा. आता लेनिन १९०८ च्या शेवटीच जिनिव्हा सोडून पॅरिसला गेला होता, त्यामुळे ही गोष्ट थोडं मीठ कमी करूनच ऐकावी. दुकानदाराला गोष्टी सांगता यायला लागतात, एवढं खरं.

शाळा संपल्यावर १९२४ च्या सुमाराला गडी बोटीत बसला आणि दक्षिण अमेरिकेत गेला. अर्जेंटिना, ब्राझील करत क्युबाला पोहोचला आणि तिथल्या तंबाखूच्या शेतात राबला. तिथे त्याला कळलं की सिगारचं पान वाळवतात, आंबवतात, तरी ते शेवटपर्यंत जिवंत असल्यासारखं वागतं. हवा कोरडी असली की पान तडकतं, त्यातलं तेल उडतं आणि सिगार भसाभसा जळते. हवा फार दमट असली तर बुरशी धरते आणि ओढली जात नाही. तिला लागते साधारण ६५ ते ७२ टक्के आर्द्रता. म्हणजे क्युबाची हवा.

आणि जिनिव्हाच्या थंडीत, शेगडी पेटवलेल्या खोलीत हवा असते कोरडी ठणठणीत. क्युबाहून महागामोलाची सिगार आणायची आणि दुकानात तिचं सरपण करायचं, असा तो प्रकार.

परत आल्यावर झिनोने दुकानाच्या तळघरातच क्युबाची हवा तयार केली. ओलावा आणि तापमान ठरलेलं ठेवायचं आणि सिगार त्यात मुरवायची. मग गिऱ्हाइकाच्या घरी काय? त्यासाठी टेबलावर ठेवायची लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर. सिगारसाठी लाकडी पेट्या आधीही होत्याच, पण घरच्या पेटीतली हवासुद्धा मोजूनमापून ठेवायची ही सवय युरोपातल्या गिऱ्हाइकांना लावण्यात झिनोचा मोठा वाटा.

ही पेटी किंवा कपाट हाताने बनवायचं म्हणजे सुताराची परीक्षा असते. बाहेरून कुठलंही चांगलं लाकूड चालतं, आतून मात्र ‘स्पॅनिश सीडर’ लागतं. नावावर जाऊ नका, हे झाड ना स्पेनचं, ना सीडर. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं. आपल्याकडचं तून त्याचंच भाऊबंद, ज्याच्या लाकडातून मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात. आतल्या बाजूला पॉलिश अजिबात नाही, कारण लाकडाने पाणी प्यावं आणि हळूहळू सोडावं हीच अपेक्षा. नवं कोरं लाकूड तहानलेलं असतं, सिगार ठेवली तर तिचंच पाणी ओढून घेतं. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरची वाटी आत ठेवून आठवडा-दोन आठवडे कपाट नुसतं बंद ठेवतात. आर्द्रतामापक खरं बोलतोय का ते बघायला एक घरगुती युक्ती आहे. झाकणभर मिठात थोडं पाणी घालून ओलसर लगदा करायचा आणि मापकासोबत हवाबंद डब्यात ठेवायचा. काही तासांनी काटा ७५ वर यायला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर झिनोने क्युबन सिगारींना फ्रान्समधल्या नामांकित वाइनची नावं दिली आणि त्या तुफान चालल्या. १९६८ मध्ये क्युबात त्याच्या स्वतःच्या नावाची सिगार बनू लागली. १९७० मध्ये त्याने धंदा बाझलच्या ओटिंगर कंपनीला विकला, पण चेहरा तोच राहिला. परफ्युम, कॉफी वगैरे याच नावावर पुढे आलं.

मग क्युबाशी फाटलं. माल पूर्वीसारखा राहिला नाही अशी तक्रार होती. १९८९ मध्ये एक लाखाहून जास्त सिगार डेव्हिडॉफ कंपनीने सरळ जाळून टाकल्या आणि उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकला हलवलं. ज्या मातीत हा माणूस धंदा शिकला, तिच्याशी नातं असं तुटलं. तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. १४ जानेवारी १९९४ ला जिनिव्हात तो गेला.

(सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निर्धोक, हा गैरसमज आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर तिनेही होतो.)

आता असं कपाट खांदेश्वरात कुणी बनवायला घेतलं तर झिनोचं गणित उलटं होतं. पावसाळ्यात बाहेरचीच आर्द्रता ८० च्या वर असते, त्यामुळे कपाटाला पाणी पाजायचं नाही, उलट त्याचं काढून घ्यायचं. शिवाय पारा २४-२५ च्या वर राहिला की पानात लपलेल्या तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणजे कपाट कितीही चांगलं जमलं, तरी ते ठेवायचं एसीच्या खोलीत, आणि विजेचं बिल वेगळं.