रॉबर्ट गथ्री

रॉबर्ट गथ्री (२८ जून १९१६ – २४ जून १९९५) हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व वैद्य होते. नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून फेनिलकीटोनयुरिया हा आनुवंशिक चयापचयविकार ओळखण्याची स्वस्त व सोपी पद्धत त्यांनी शोधून काढली. जन्मलेल्या प्रत्येक बालकाची, ते वरकरणी निरोगी दिसत असतानाही, तपासणी करण्याची प्रथा या पद्धतीमुळे जगभर रूढ झाली.

सुरुवातीचे जीवन

गथ्री यांचा जन्म मिसूरी राज्यातील मेरियनव्हिल या गावी झाला. त्यांचे बालपण मिनीॲपोलिस शहरात गेले. मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. मात्र रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेची ओढ अधिक असल्याने ते जिवाणूंच्या संशोधनाकडे वळले. १९५४ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील रॉसवेल पार्क या कर्करोग संशोधन संस्थेत रुजू झाले. रुग्णांच्या रक्तातील विशिष्ट द्रव्ये जिवाणूंच्या वाढीवरून मोजण्याचे तंत्र त्यांनी तेथे हाताळले. पुढील शोधाचे बीज या कामात होते.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना मात्र घरातली होती. गथ्री दांपत्याला सहा अपत्ये झाली. त्यांपैकी १९४७ मध्ये जन्मलेल्या दुसऱ्या अपत्याला, जॉनला, बौद्धिक अक्षमता होती. जॉनचा विकार फेनिलकीटोनयुरिया नव्हता, त्यामुळे वडिलांच्या शोधाचा त्याला काहीही उपयोग होणार नव्हता. अनेक लोकप्रिय लेखांत या बाबतीत गल्लत आढळते. परंतु त्याच्यामुळे गथ्री अशा मुलांच्या पालकांच्या संघटनेत ओढले गेले व तिच्या बफेलो शाखेचे पदाधिकारी झाले.

विकार आणि वेळेचा प्रश्न

फेनिलकीटोनयुरियाचा शोध नॉर्वेतील वैद्य आस्बयोर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये लावला. या विकारात अन्नातील फेनिलअलॅनिन या ॲमिनो आम्लाचे विघटन करणारे विकर यकृतात पुरेसे काम करीत नाही. ते आम्ल रक्तात साचत जाते व वाढत्या मेंदूला कायमची इजा करते. १९५०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअलॅनिन अत्यल्प असलेला आहार देऊन पाहिला. त्या उपचाराने पुढील हानी थांबत असे, पण झालेली हानी भरून येत नसे.

निदान फार उशिरा होई, ही खरी अडचण होती. बाळाच्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून हिरवा रंग येतो का, हे पाहण्याची चाचणी प्रचारात होती. मूत्रात तो पदार्थ पुरेशा प्रमाणात उतरण्यास काही आठवडे लागत व तोपर्यंत मेंदूला इजा होऊ लागलेली असे. १९५८ मध्ये गथ्री यांच्या मेहुणीच्या मुलीला हाच विकार असल्याचे निष्पन्न झाले. ती तेव्हा पंधरा महिन्यांची होती. उपचार ठाऊक असूनही त्या मुलीच्या बाबतीत वेळ निघून गेली होती.

चाचणीचा शोध

बफेलोतील बालपुनर्वसन केंद्राचे प्रमुख रॉबर्ट वॉर्नर यांनी याआधीच गथ्री यांच्याकडे मदत मागितली होती. विशेष आहारावर असलेल्या मुलांच्या रक्तातील फेनिलअलॅनिन वारंवार मोजावे लागे व त्यासाठीच्या रासायनिक पद्धती किचकट होत्या. गथ्री यांनी परिचित तंत्राची दिशा उलटवली. बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जिवाणूची वाढ थायनिलअलॅनिन या द्रव्याने खुंटते, आणि फेनिलअलॅनिन भरपूर मिळाल्यास ती पुन्हा सुरू होते. जिवाणू व प्रतिबंधक द्रव्य मिसळलेल्या अगारवर रक्ताचा नमुना ठेवून ते ऊबदार पेटीत रात्रभर ठेवले, की सकाळी नमुन्याभोवती वाढीचे वलय दिसे. जितके फेनिलअलॅनिन अधिक, तितके वलय मोठे. महागडे उपकरण काहीच लागत नसे.

भाचीच्या निदानानंतर गथ्री यांनी हीच चाचणी नवजात बालकांसाठी वापरण्याचे ठरवले व ते कर्करोगाचे संशोधन सोडून बफेलोच्या बालरुग्णालयात आले. जाड गाळणकागदावर टाचेतील रक्ताचा थेंब टिपून वाळवावा, त्यातून छोटी गोल चकती कापावी व ती अगारवर ठेवावी, अशी रीत त्यांनी बसवली. चाचणीचे रसायन बुद्धिचातुर्याचे आहे. पण टिकली ती कागदाची कल्पना. वाळलेला डाग साध्या पाकिटातून टपालाने पाठवता येई, त्यामुळे दूरच्या खेड्यातील प्रसूतिगृहही मध्यवर्ती प्रयोगशाळेशी जोडले गेले.

न्यूयॉर्क राज्यातील नेवर्क येथील बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी संस्थेत पहिली मोठी पडताळणी झाली. तेथे पूर्वी ठाऊक असलेले रुग्ण तर सापडलेच, शिवाय मूत्रचाचणीतून निसटलेलेही काही आढळले. पुढे केंद्र शासनाच्या बालक विभागाच्या साहाय्याने २९ राज्यांतील सुमारे ४,००,००० बालके तपासली गेली व त्यांत ३९ रुग्ण सापडले. हे प्रमाण दहा हजारांत एकाच्या आसपास, म्हणजे तोवरच्या समजुतीपेक्षा अधिक होते. ॲडा सूझी यांच्यासह लिहिलेला सविस्तर शोधनिबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

किमतीचा वाद

या मोठ्या चाचणीसाठी लागणारे संच गथ्री व त्यांचे सहकारी बफेलोत भाड्याच्या घरात तयार करीत. मागणी वाढल्यावर उत्पादनाचा परवाना माइल्स लॅबोरेटरीज या कंपनीस देण्यात आला. स्वामित्वशुल्कातील कोणताही वाटा गथ्री यांनी स्वतःसाठी ठेवला नव्हता. मात्र ५०० बालकांच्या तपासणीचा जो संच ते सुमारे ६ डॉलरमध्ये बनवीत, त्यासाठी कंपनीने २६२ डॉलर किंमत ठरवल्याचे कळताच ते अस्वस्थ झाले व त्यांनी उघड विरोध केला. प्रकरण सिनेटर रसेल लाँग यांच्यापर्यंत पोहोचले. शासकीय निधीतून झालेल्या संशोधनावर एकाच कंपनीचा हक्क असू नये, अशी भूमिका घेण्यात आली व कंपनीचा अनन्य हक्क संपुष्टात आला.

सक्ती आणि आक्षेप

मॅसॅच्युसेट्स राज्यात रॉबर्ट मॅकक्रेडी यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये सर्व नवजात बालकांची तपासणी सुरू झाली व पुढील वर्षी ती कायद्याने सक्तीची झाली. पालकसंघटनांच्या रेट्यामुळे १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य राज्यांनी असे कायदे केले. अनेक वैद्यांना ही घाई मान्य नव्हती. वैद्यकीय निर्णयात विधिमंडळाने पडू नये, हा एक आक्षेप होता. दुसरा अधिक गंभीर होता: रक्तातील पातळी वाढलेले प्रत्येक बालक आजारी नसते, आणि निरोगी बालकास कडक आहार दिल्यास त्याचेच कुपोषण होते. सॅम्युअल बेसमन हे टीकाकारांत अग्रणी होते. हे आक्षेप निराधार नव्हते. सौम्य प्रकार वेगळे ओळखणे व आहाराची मात्रा ठरवणे या गोष्टी कायदे झाल्यानंतरच हळूहळू उमगत गेल्या. तरीही वाट पाहण्याची किंमत दरवर्षी जन्मणाऱ्या बाधित मुलांना मोजावी लागली असती, ही गथ्री यांची बाजूही तितकीच वजनदार होती.

उत्तरायुष्य

जिवाणूवाढीचेच तत्त्व वापरून गथ्री यांनी इतरही चयापचयविकारांच्या चाचण्या विकसित केल्या आणि अनेक देशांत जाऊन तेथील प्रयोगशाळांना मार्गदर्शन केले. उत्तरकाळात शिशाच्या विषबाधेमुळे मुलांच्या मेंदूला होणाऱ्या इजेकडे त्यांनी लक्ष वेधले. त्या तपासणीसाठीही त्यांनी वाळलेल्या रक्ताचा डागच वापरला. सिॲटल येथे वयाच्या ७८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गथ्री कार्ड

जिवाणूंची चाचणी आता बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. १९७०च्या दशकात कॅनडातील क्वेबेक येथे झाँ द्युसो यांनी याच कागदावरील रक्तातून जन्मजात थायरॉइड न्यूनता ओळखण्याची पद्धत आणली, आणि १९९०च्या दशकापासून वस्तुमान वर्णपटमापनामुळे एका चकतीतून कित्येक विकार एकाच वेळी तपासता येऊ लागले. भारतात गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा शासकीय कार्यक्रम सुरू केला. टाचेचे रक्त टिपण्याच्या कागदाला अनेक देशांत आजही गथ्री कार्ड म्हटले जाते.