भास्कराचार्य आणि तीन भागीदार

गणिताच्या भीतीने कला शाखेत आलेल्यांपैकी मी एक. वार्षिकांकासाठी थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना मी भास्कराचार्यांची निवड करावी, याचे वर्गमित्रांना नवल वाटेल. पण त्याला आमच्या घरातला एक तंटा कारण झाला. तो पुढे येईलच.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ते गाव नेमके कोणते यावर पंडितांत एकमत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर पुष्कळदा सांगितला जातो. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पुढे ११८३ मध्ये, एकुणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला.

लीलावती ही त्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडल्याने तिच्या लग्नाची घटिका चुकली, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात ती येते; मूळ ग्रंथात नाही. मला त्या कथेपेक्षा ग्रंथच अधिक जवळचा वाटला. त्याचा आरंभच बाजारातल्या मोजमापांनी होतो : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. ग्रहांची गती मोजणारे आचार्य शिष्याला आधी बाजारात नेतात.

त्याच ग्रंथात तीन व्यापारी भेटतात. त्यांची भांडवले ५१, ६८ व ८५. सर्व मिळून २०४. व्यापारात त्यांचे ३०० झाले. आचार्यांची रीत अशी : प्रत्येकाच्या भांडवलाला ३०० ने गुणावे आणि २०४ ने भागावे. वाट्यास ७५, १०० व १२५ येतात. म्हणजे नफा २४, ३२ व ४०.

आता आमचा तंटा. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, बाबा आणि त्यांचे एक मित्र भागीदारीत धानाचा व्यापार करतात. बाबांचे सहा लाख, मित्राचे चार. हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी नदीपलीकडचे, गडचिरोली जिल्ह्यातले एक काका सहा लाख घेऊन तिसरे भागीदार झाले. लेखी काहीच ठरले नाही. मार्चअखेर नफा निघाला दीड लाख, आणि तिघांची तोंडे तीन दिशांना झाली.

काकांचे म्हणणे, भांडवल बाबांइतके तर वाटाही तेवढाच. तसे केले तर दोघांना ५६,२५० आणि बाबांच्या मित्राला ३७,५००. एका जाणत्याने १९३२ चा भागीदारी कायदा दाखविला : करार नसेल तर सर्वांना समान वाटा, म्हणजे ५० हजार. मी लीलावती उघडून बसलो. व्याजाच्या पंचराशिकात आचार्य रकमेबरोबर काळही धरतात. तोच धागा पकडून मी भांडवलाला महिन्यांनी गुणले. सहा गुणिले बारा ७२, चार गुणिले बारा ४८, सहा गुणिले पाच ३०, बेरीज १५०. वाटे ७२, ४८ आणि ३० हजार. बाबांचा आकडा सर्वांत मोठा आला, याचा मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

काकांनी शांतपणे विचारले की, धान बाजारात कधी येते? मी गप्प झालो. आमच्याकडे धान निघते ते नोव्हेंबरपासून. माझ्या हिशेबाने बाराही महिने सारखेच कमाईचे ठरविले होते. मग वही उघडली. ऑक्टोबरअखेरचा नफा होता ३० हजार. उरलेले १ लाख २० हजार नंतरचे. आचार्यांची तीच रीत दोनदा वापरली. पहिले ३० हजार दोघांत, ६ व ४ या प्रमाणात : १८ व १२ हजार. पुढचे १ लाख २० हजार तिघांत, ६, ४ व ६ या प्रमाणात : ४५, ३० व ४५ हजार. बाबांना ६३ हजार, मित्राला ४२ आणि काकांना ४५. माझ्या आकड्यापेक्षा बाबांचे नऊ हजार कमी झाले. पण तिघांनीही मान डोलावली. रीत बरोबर असून भागत नाही. ती कोणत्या दिवसापासून लावायची हे आधी ठरावे लागते, एवढे मी शिकलो.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी पंडित झाले आणि नातू चांगदेव सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठाला कोणाकडून काय मिळावे, गिऱ्हाइकाकडून किती, तेलाच्या घाण्यामागे किती, ते त्याच्या अखेरीस मराठीत कोरले आहे. बाजारात वावरणाऱ्याला कळावे, म्हणूनच ते मराठीत असावे.

आमच्या तिघांनी ते साध्या कागदावरही लिहिले नव्हते. यंदा मात्र धान येण्यापूर्वीच त्यांनी करार लिहून काढला. मसुदा माझ्या अक्षरात आहे.