वेळ अपुरा पडलेला गायक

प्रेमगीत म्हटले की शृंगार, विरह आणि आर्जव हे ठरलेले रंग आठवतात. जिम क्रोची या अमेरिकन गीतकार-गायकाचे सर्वांत गाजलेले गीत मात्र काळाविषयी आहे. प्रिय व्यक्तीसाठी वेळ साठवून ठेवता यावा, एवढीच त्यातली साधी इच्छा. दैवदुर्विलास असा, की तो वेळच क्रोचीला मिळाला नाही.

१० जानेवारी १९४३ रोजी फिलाडेल्फियात एका इटालियन वंशाच्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. लहानपणी तो अ‍ॅकॉर्डियन शिकला, गिटार पुढे हाती आली. व्हिलानोव्हा विद्यापीठातून १९६५ मध्ये तो पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी इन्ग्रिडशी विवाहबद्ध झाला. १९६९ मध्ये दोघांचा एकत्र अल्बम निघाला, पण त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. देणी भागवण्यासाठी त्याने गिटारी विकल्या. ट्रक चालवला, बांधकामावर मजुरी केली. या काळात भेटलेली रांगडी माणसे पुढे त्याच्या गाण्यांतून अवतरली.

१९७० च्या अखेरीस आपण बाप होणार असल्याचे त्याला कळले आणि त्या आनंदात 'टाइम इन अ बॉटल' लिहिले गेले. सप्टेंबर १९७१ मध्ये मुलगा एड्रियन जन्मला. १९७२ च्या 'यू डोन्ट मेस अराउंड विथ जिम' या अल्बममध्ये ते गीत आले. क्रोची आणि त्याचा साथीदार मॉरी म्युलायझेन यांच्या दोन गिटारी व हार्पसिकॉर्डचे हळुवार सूर, एवढाच त्याचा साज. जुलै १९७३ मध्ये 'बॅड, बॅड लेरॉय ब्राउन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

पण यशाने त्याला घरापासून दूर नेले. सततच्या दौऱ्यांना तो कंटाळला होता. हे सारे सोडून घरी परतण्याचा मनोदय त्याने पत्नीला पत्राने कळवला. ते पत्र घरी पोहोचले, तेव्हा तो हयात नव्हता.

२० सप्टेंबर १९७३ च्या रात्री लुइझियानातील नॅकिटिश येथे कार्यक्रम आटोपून तो निघाला. उड्डाण करतानाच त्याचे छोटे विमान झाडावर आदळले. म्युलायझेनसह सहाही जण ठार झाले. क्रोची अवघा तीस वर्षांचा होता, मुलगा दोन वर्षांचाही झाला नव्हता.

अपघाताच्या आठवडाभर आधी एका दूरचित्रवाणीपटात 'टाइम इन अ बॉटल' वाजले होते. श्रोत्यांची मागणी वाढली, स्वतंत्र तबकडी निघाली आणि डिसेंबरअखेर ती पहिल्या क्रमांकावर गेली. 'आय विल हॅव टू से आय लव्ह यू इन अ साँग' हे त्याचे दुसरे प्रेमगीतही १९७४ मध्ये, त्याच्या पश्चात गाजले.

१९८५ मध्ये इन्ग्रिडने सॅन डिएगोत त्याच्या नावाने उपाहारगृह उघडले. ते अनेक वर्षे चालले. वडिलांची आठवणही ज्याच्यापाशी असणे कठीण, तो मुलगा मोठेपणी ए. जे. क्रोची या नावाने पियानोवादक आणि गायक झाला. ज्या गीताची प्रेरणा तो जन्मण्याआधीच ठरला होता, ते आज तो स्वतः रंगमंचावर गातो. वडिलांना साठवता न आलेला वेळ त्या तीन मिनिटांपुरता तरी थांबल्यासारखा वाटतो.