ट्रेडमिलवर पेस कसा काढायचा? १०० वर्षांपूर्वी हातात स्टॉपवॉच घेऊन धावणाऱ्या पावो नुर्मीची गोष्ट

जिममधली ट्रेडमिल वेग दाखवते ताशी किलोमीटरमध्ये. धावण्याचं वेळापत्रक मात्र सांगतं, एक किलोमीटर किती मिनिटांत धावायचा. या दुसऱ्या आकड्याला धावपटू ‘पेस’ म्हणतात. बरेच जण इथेच अडतात. हे गणित थेट ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर नेणारा सर्वात गाजलेला धावपटू म्हणजे फिनलंडचा पावो नुर्मी. त्याच्या नावावर ९ सुवर्ण आणि ३ रौप्यपदकं आहेत.

नुर्मी कोण होता?

१३ जून १८९७ रोजी तुर्कू शहरात एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. १९१०मध्ये वडील गेले, तेव्हा तो अवघा १२ वर्षांचा होता. शाळा सुटली आणि तो बेकरीत पोऱ्या म्हणून लागला. मालाची हातगाडी चढावर ढकलत न्यायची, हे रोजचं काम. या कामाने त्याचे पाय कणखर केले.

घड्याळाची गरज का पडली?

१९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर शर्यतीत नुर्मी पुढे राहिला, पण शेवटी फ्रान्सच्या जोसेफ गिमोने त्याला गाठलं. ३ दिवसांनी १०,००० मीटरमध्ये नुर्मीने ताकद राखून ठेवली आणि गिमोलाच हरवलं. पुढच्या काळात हातातलं स्टॉपवॉच ही त्याची ओळख बनली. प्रतिस्पर्धी किती पळतो यापेक्षा आपली फेरी किती सेकंदांत झाली, हे तो पाहायचा.

१० जुलै १९२४ला काय घडलं?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १,५०० आणि ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतींमध्ये एक तासाचंही अंतर नव्हतं. नुर्मीने याची रंगीत तालीम १९ जूनलाच हेलसिंकीत केली होती. तासाभराच्या अंतराने दोन्ही शर्यती धावून त्याने दोन्हींत विश्वविक्रम केले.

पॅरिसमध्ये १,५०० मीटर त्याने ३ मिनिटं ५३.६ सेकंदांत जिंकली. तो थकला असेल या अंदाजाने ५,००० मीटरमध्ये विले रिटोला आणि एडविन विडे यांनी सुरुवातीपासून वेग वाढवला. आता लढत घड्याळाशी नसून माणसांशी आहे, हे ओळखून नुर्मीने स्टॉपवॉच गवतावर फेकलं. १४ मिनिटं ३१.२ सेकंदांत तो पहिला आला. रिटोला फक्त ०.२ सेकंद मागे होता.

हा वेग आजच्या ट्रेडमिलवर किती?

५,००० मीटर म्हणजे ५ किलोमीटर. त्याला लागले ८७१.२ सेकंद. म्हणजे एका किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५४ सेकंद, अर्थात ताशी सुमारे २०.७ किलोमीटर. आपल्यापैकी बहुतेकांना हा वेग मिनिटभरही झेपणार नाही.

तुमचा पेस कसा काढाल?

६० ला ट्रेडमिलवरच्या वेगाने भागा.

• ताशी ८ किमी : ७ मिनिटं ३० सेकंद
• ताशी १० किमी : ६ मिनिटं
• ताशी १२ किमी : ५ मिनिटं

नेहमीची चूक इथे होते : ६० भागिले ११ म्हणजे ५.४५. हे ५ मिनिटं ४५ सेकंद नव्हेत! दशांशाला ६० ने गुणा, उत्तर येईल ५ मिनिटं २७ सेकंद.

इंटरव्हलची वेळ कशी ठरवायची?

इंटरव्हल म्हणजे जोरात धावणं आणि सावकाश चालणं आलटून पालटून. ४०० मीटरसाठी पेसला ०.४ ने गुणा. ताशी १२ किमीला ३०० सेकंद गुणिले ०.४, म्हणजे २ मिनिटं. मध्ये दीड मिनिट चाला. अशा ६ फेऱ्यांना २१ मिनिटं लागतात. पट्ट्याला वेग पकडायला काही सेकंद जातात, त्यामुळे वेळ पूर्ण वेग आल्यावरच मोजा. आधी वॉर्म-अप करा.

पुढे नुर्मीचं काय झालं?

पॅरिसमध्ये त्याने ५ सुवर्ण जिंकली. १०,००० मीटरला मात्र त्याच्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी त्याला उतरवलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायदेशी त्याने ते अंतर ३० मिनिटं ६.२ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. १९३२मध्ये मॅरेथॉनची तयारी करून तो लॉस एंजलिसला गेला, पण दौऱ्यांत जादा पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्याला हौशी खेळाडू मानायला नकार देण्यात आला. ऑलिम्पिकचं दार बंद झालं. २० वर्षांनी, १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मैदानात ज्योत घेऊन आला तो नुर्मीच. २ ऑक्टोबर १९७३ रोजी तो गेला, तेव्हा फिनलंडने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.

आकडे लिहून ट्रेडमिलवर चढा, पण छातीत दुखलं किंवा गरगरलं तर लगेच थांबा. घड्याळ कधी बाजूला ठेवायचं, हे नुर्मीलाही ठाऊक होतं.