फोटोशॉपच्या १३३ वर्षं आधी या माणसाने लेयर आणि मास्क वापरून फोटो बनवला होता

फोटो एडिट करताना आपण आकाश बदलतो, मागची गर्दी गायब करतो, वेगवेगळ्या फोटोंतली माणसं एका फ्रेममध्ये आणतो. एकावर एक लेयर ठेवायचे आणि नको तो भाग मास्कने झाकायचा, एवढं सोपं गणित. हेच काम १८५७ मध्ये एका माणसाने काचा, कागद आणि उन्हाच्या जोरावर केलं होतं. त्याचं नाव ऑस्कर गुस्ताव्ह रेलँडर.

रेलँडर मूळचा स्वीडनचा. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरात तो चित्रकार म्हणून स्थिरावला आणि १८५३ मध्ये फोटोग्राफीकडे वळला.

तेव्हा निगेटिव्ह काचेवर असायची आणि फोटोसाठी काही सेकंद स्तब्ध राहावं लागायचं. पंचवीस माणसं उभी केली आणि एक जरी हलला तरी फोटो वाया. मग रेलँडरने डोकं लावलं. माणसांचे लहान लहान गट करून वेगवेगळे फोटो काढले. अशा तीसहून जास्त निगेटिव्ह जमल्या.

आता त्या जोडायच्या कशा? उजेड पडला की काळा होणारा कागद त्याने घेतला. त्यावर एक काच ठेवायची, उरलेला कागद झाकायचा आणि उन्हात धरायचं. झाकलेला भाग कोराच राहायचा. मग छापलेला भाग झाकून पुढची काच. म्हणजे प्रत्येक काच हा लेयर आणि ते झाकण म्हणजे मास्क. फक्त अनडू नव्हतं. शेवटच्या काचेला चूक झाली तरी पहिल्यापासून सुरुवात.

सुमारे सहा आठवडे खपून 'टू वेज ऑफ लाईफ' तयार झाला. रुंदी अडीच फूट. एवढा मोठा कागद नसल्याने दोन कागद जोडले होते. मधोमध एक म्हातारा आणि दोन तरुण. एक तरुण जुगार आणि चैनीकडे निघालेला, दुसरा कष्ट आणि धर्माकडे.

मँचेस्टरच्या प्रदर्शनात फोटो झळकला आणि वाद पेटला. त्यात विवस्त्र स्त्रिया होत्या. चित्रात ते चालायचं, पण फोटो म्हटल्यावर खरीखुरी बाई समोर बसली असणार, हे लोकांना सहन होईना. एडिनबरोत अर्धा फोटो पडद्याने झाकून दाखवला गेला. दुसरा आरोप होता, जोडलेला फोटो खोटा. गंमत म्हणजे राणी व्हिक्टोरियाने मात्र त्याची प्रत नवऱ्यासाठी विकत घेतली.

रेलँडरने काही लपवलं नाही. १८५८ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीसमोर त्याने सगळी पद्धत उघड सांगितली. तरी टीका थांबली नाही. शेवटी वैतागून त्याने एवढ्या मोठ्या जोडकामाचा नाद सोडला.

पुढे तो लंडनला गेला. माणसाच्या भावनांवरच्या डार्विनच्या १८७२ च्या पुस्तकात त्याचे फोटो आहेत. त्यातलं रडणारं बाळ तुफान गाजलं. पण तो फोटो थेट बाळाचा नव्हता. रेलँडरने खडूने बाळाचं चित्र काढून त्याचा फोटो घेतला होता. वाचकांना तो साधा फोटोच वाटला, आणि त्यावर कुणी ओरडलंही नाही.

१८७५ मध्ये रेलँडर गेला, तेव्हा हाती पैसा नव्हता. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, त्यात लेयर आले १९९४ मध्ये.

त्याच्या दोन फोटोंकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्याची जोडणी त्याने उघड सांगितली, त्याला लोक खोटा म्हणाले. ज्याबद्दल लोकांना कळलंच नाही, तो खरा म्हणून खपला. पुढच्या वेळी एखादा फोटो फॉरवर्ड करताना हे आठवा.