विश्लेषण : लेखक तुरुंगात, नाटक मेलबर्नमध्ये!

ऑस्कर वाइल्ड यांचा जन्म १८५४ मध्ये डब्लिनमध्ये झाला. ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे त्यांचे विनोदी नाटक १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनमध्ये रंगभूमीवर आले आणि गाजले. एप्रिलमध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. जाहिरातींतून त्यांचे नाव वगळले गेले. मे महिन्यात प्रयोगही थांबले आणि वाइल्ड यांना दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली.

ब्रिटिश वसाहतीत मात्र चित्र वेगळे होते. १० ऑगस्टला रॉबर्ट ब्रॉ आणि धाकटे डायन बूसिको यांनी हे नाटक मेलबर्नमध्ये सादर केले. प्रेक्षकांनी ते उचलून धरले. नाटकात ऑस्ट्रेलिया म्हणजे वाया गेलेल्या भावाला धाडण्याची जागा. तिथेच या नाटकाला आसरा मिळाला.

सुटकेनंतर, १८९९ मध्ये नाटक छापले गेले, तेही वाइल्ड यांच्या नावाविना. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.